पऱ्हाटीतले पाठमोरे

हिंगणघाटच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्यांना कापूस लटकायला लागला, की समजायचं वेचणी भरात आली. टच्च भरलेल्या बैलबंड्या बाभळींना घासत जातात आणि प्रत्येक झाड आपापला वाटा ओढून ठेवतं. दरवर्षी या दिवसांत मी वर्ध्याहून एस.टी.ने अल्लीपूरला, माझ्या गावी निघते. खिडकीशी बसते, मांडीवर कॅमेऱ्याची थैली धरते. शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, का हाय वो यात? मी सांगते, कॅमेरा. आणि लगेच बाहेर बघायला लागते, कारण पुढचा प्रश्न मला ठाऊक असतो. माझा एक काढून द्या ना, असं ती म्हणणार असते. दहा वर्षं होत आली, पण या साध्या प्रश्नाने माझे कान अजून गरम होतात.

माझ्या फोटोंना स्वतःची शैली आहे म्हणतात. म्हणजे जाणकार म्हणतात. माझ्या फोटोत माणसाला तोंड नसतं. वाकलेली पाठ असते, ओटीत कापूस कोंबणारे हात असतात, ढेकळांत रुतलेल्या टाचा असतात, गाठोड्याच्या ओझ्याने ताठ झालेली मान असते. मागे नागपूरच्या एका दिवाळी अंकाने असाच एक फोटो मुखपृष्ठावर घेतला आणि आत चार शब्द लिहिले, की या छायाचित्रकर्तीने चेहरा वगळून माणूस दाखवण्याची अवघड वाट निवडली. निवडली म्हणे. वाचल्यावर मी तो अंक टेबलावर पालथा करून ठेवला. घरी आलेल्या कोणी उचलून सुलटा केला, की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जायचे आणि चांगला उकळेपर्यंत बाहेर यायचे नाही.

पहिला कॅमेरा हातात आला तेव्हा मी वर्ध्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. अठ्ठ्याहत्तर साल असेल, नाहीतर एकोणऐंशी. मामा सेवाग्रामला नोकरीला होते. त्यांनी हौसेने घेतलेला डब्बा कॅमेरा हौस फिटल्यावर कपाटात पडून होता, तो त्यांनी मला दिला. काळा, चौकोनी, गळ्यात अडकवायचा. त्यात वरून मान खाली घालून बघावं लागे. इवल्याशा काचेत समोरचं जग डाव्याचं उजवं होऊन दिसे. बाजूला एक खिटी होती, तिच्या एका टोकाला सूर्याचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला ढगाचं. शिकण्यासारखं एवढंच, आणि एवढं तर आपल्याला येतंच अशी माझी खात्री. त्या दिवाळीच्या सुट्टीत अल्लीपूरच्या स्टँडवर मी उतरले ती कॅमेरा गळ्यात घालूनच. थैलीत ठेवता आला असता, पण मग लोकांना दिसला नसता.

भर दुपारी फुटलेल्या कापसाच्या वावरात जो उभा राहिलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. ऊन वरूनही येतं आणि खालूनही येतं. मधूनमधून तुरीचा पिवळा फुलोरा असतो म्हणून डोळ्यांना टेकायला जागा, नाहीतर सगळीकडे नुसता पांढरा भडका. अंगाला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, उग्र हिरवा वास, बोटांना बोंडाच्या वाळक्या टोकांचे ओरखडे, आणि एकमेकींना हाका मारत ओळीने पुढे सरकणाऱ्या बाया. अशा उजेडात खिटी सूर्यावर ठेवायला विचार कशाला करायचा? मी सगळ्या वेचणाऱ्यांना ऐन उन्हात पऱ्हाटीत उभं केलं. त्यांनी रीतीप्रमाणे पदर कपाळावरून पुढे ओढले, हात सरळ केले, श्वास रोखले. मी मान खाली घालून एकापाठोपाठ एक फोटो काढत रोल संपवला आणि हिंगणघाटला मनोहरभाऊंच्या स्टुडिओत धुवायला टाकून आले.

फोटो आले तेव्हा बाया हातपाय धुऊन आमच्या ओसरीवर जमल्या. कापूस असा सुरेख आला होता की बोंडन् बोंड मोजून घ्यावं. तोंडं मात्र एकजात काळी. पदराच्या सावलीत नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं वेचायला येणारी वच्छलाबाई आपला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ शोधत राहिली आणि शेवटी म्हणाली, "कापूस मस्त आला वं कुंदे. मी कोनती हाओ यात?"

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. पण तो प्रश्न कितीतरी दिवस डोक्यातून गेला नाही. मनोहरभाऊंना विचारलं असतं तर त्यांनी खिटी कुठे ठेवायची, ऊन केव्हाचं घ्यायचं, हे उभ्या उभ्या सांगितलं असतं. ते त्यांचं रोजचं काम. पण त्यांचा तो रंगवलेला तलाव, तलावातले हंस, पावडरचा डबा आणि "हनुवटी खाली, नजर इकडे" याची आम्ही कॉलेजातल्या मुली टिंगल करायचो. त्यांच्यापुढे जाऊन मला जमत नाही म्हणायचं? ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्याऐवजी मी बायांच्या मागे गेले. पाठीवर ऊन सरळ पडतं, पाठीला पदराची सावली नसते. विटलेलं लुगडं, मानेवरचा घाम, वाकल्यावर उठून दिसणारे मणके, सगळं कसं लख्ख येई. शिवाय पाठ कधी विचारत नाही की मी कोणती. पुढचा रोल पाठींचा, त्यापुढचा हातांचा. वर्ध्याला आमच्या मराठीच्या सरांनी ते फोटो बघितले आणि म्हणाले, तुला नजर आहे. एवढं मला पुष्कळ झालं. चेहरा खोटं बोलतो, पाठ खोटं बोलत नाही, असं एक चटपटीत वाक्य मी स्वतःच तयार केलं आणि मैत्रिणींच्यात फेकायला लागले. काही दिवसांनी ते मलाच खरं वाटायला लागलं. आपल्याला जे जमत नाही ते आपल्याला करायचंच नव्हतं, असं म्हणण्यात फार सुख असतं.

हे एवढ्यावर राहतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण घरात मोठीमाय होती.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. लहानपणी माझी वेणी घालणारी, मला ताप आला की उशाशी बसणारी, शाळेतून यायला उशीर झाला की वेशीपर्यंत येऊन उभी राहणारी तीच. मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्यांचा एकच फोटो होता, गावच्या सोसायटीतल्या माणसांच्या घोळक्यातला. मोठीमायचा तर जन्मात एकही नव्हता. आणि तिच्या मनाने आता जोडफोटोचं घेतलं होतं.

जोडफोटो ही आमच्याकडची रीतच होती. नवराबायकोचा एकत्र फोटो नसला आणि दोघांतलं एक गेलं, तर स्टुडिओवाला दोघांचे वेगवेगळे फोटो घेई, कापून एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवी, ब्रशने वर कपडे रंगवी, आणि त्याचा पुन्हा फोटो काढून मोठा करून देई. ज्या जोडप्याने चारचौघांत कधी एका खाटेवर बसून चहा घेतला नाही ते भिंतीवर खांद्याला खांदा लावून बसलेलं दिसे. मोठेबाबांचं तोंड घोळक्यातून काढून मोठं करायला मनोहरभाऊंकडे गेलंही होतं. आता हवा होता मोठीमायचा समोरून काढलेला एक फोटो. एकदा भाकरी थापता थापता तिने मला सांगितलं, "माहा एक समोरून काढून देजो. त्याईच्या बाजूले बसवाचा हाय."

मी म्हटलं, स्टुडिओत का जात नाहीस? तर म्हणाली, तिथल्या खुर्चीवर बसले तर मी पाहुणी दिसेन. तिला फोटो वावरातला हवा होता, आणि तोही सीतादहीच्या दिवशीचा.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात एका झाडाच्या बुडाशी धुतलेले दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, नव्या कापसाची वात वाहायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचणीला हात लावायचा. मोठेबाबा असेपर्यंत ही पूजा ती दोघं करत. ते गेल्यावर हळदकुंकवाचं ताट आईच्या हातात आलं आणि मोठीमाय दहीभाताचा डबा धरून बाजूला उभी राहायला लागली. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, ती आपणहून मागे सरकली होती. वर्षभरात त्या दोघांनी चारचौघांत शेजारी उभं राहायचा तो एकच दिवस असे, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

पुढच्या साली मी सीतादहीला मुद्दाम आले. पूजेचे सगळे फोटो माझ्या पद्धतीने काढले. आईची वाकलेली पाठ, वात वाहणारी बोटं, दगडांवर पडलेली पऱ्हाटीची सावली. पूजा आटोपून बाया ओळी धरून पांगल्या तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि रोलात शेवटचा फोटो उरला होता. मोठीमाय पुढे आली. तिने धुतलेलं जांभळं लुगडं नेसलं होतं. पूजेच्या झाडाजवळ उभी राहिली, मूठभर कापूस हातात होता तो तसाच राहिला. मग तिने कपाळावरचा पदर बोटाने मागे सारला आणि विचारलं, "एवढा मांगं घेऊ का? उजेड पडन ना तोंडावर?"

वच्छलाबाईचा फोटो तिने बघितलेला होता. मी म्हटलं, पडेल.

मान खाली घालून मी काचेत बघितलं. मोठीमाय बोटभर उंचीची दिसत होती. ती पऱ्हाटीच्या मधोमध उभी नव्हती. उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून उभी होती. आणि जी बाई माझ्याकडे बघून कधी लाजली नव्हती ती नव्या नवरीसारखी लाजून समोर बघत होती. मला ते बघवेना. त्याहून खरं सांगायचं तर मला भीती वाटली. हे तोंड काळं येणार, आणि ते काळं आलेलं तोंड मनोहरभाऊ बघणार, घर बघणार, मोठीमाय बघणार. काय करावं ते मला येत नव्हतं आणि येत नाही असं म्हणवत नव्हतं. मी कॅमेरा थोडा खाली केला. काचेत तिचे हात आले, हातातला कापूस आला, तो झकास दिसत होता. मी खटका दाबला. झाला का, तिने विचारलं. झाला, मी म्हटलं.

नंतरचे कितीतरी दिवस ती वेचता वेचता बायांना सांगत होती, की कुंदाने माझा फोटो काढला. मी ऐकत होते. अजूनही वेळ होती, दुसरा रोल आणता आला असता, पण मी तोच रोल मनोहरभाऊंकडे टाकला आणि वर्ध्याला परत गेले.

मनोहरभाऊंचा निरोप आला तेव्हा मोठीमाय तेच जांभळं लुगडं नेसून एस.टी.ने हिंगणघाटला आली आणि मी वर्ध्याहून गेले. स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. मनोहरभाऊंनी आतून पुठ्ठा आणला. त्यावर मोठेबाबा बसवून झाले होते. उभ्या जन्मात ज्यांनी कोटाला हात लावला नाही त्यांच्या अंगात काळा कोट होता. त्यांच्या शेजारचा अर्धा पुठ्ठा कोरा होता. मोठीमायने त्यांच्याकडे बघितलं आणि कोट बघून तोंडाला पदर लावून हसली. मग मनोहरभाऊंनी माझ्या रोलाचे फोटो टेबलावर एका रांगेत मांडले, सगळे बघितले, पुन्हा बघितले, आणि चष्मा काढून मला म्हणाले, "बाई, यातलं तोंड कोनतं जोडू?"

मी बोलायला लागले. ही माझी पद्धत आहे, चेहऱ्याशिवायही माणूस ओळखू येतो, हातांमध्ये सगळं आयुष्य असतं, असं बरंच काही. पाठ केल्यासारखं सगळं भराभर आलं. मनोहरभाऊ खाली बघून टेबल पुसत राहिले. मोठीमाय मात्र नीट ऐकत होती, शाळेतल्या बाईंचं ऐकावं तशी. मग तिने एकेक फोटो उचलून बघितला. शेवटचा, आपल्या हातांचा, जरा जास्त वेळ धरला. माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "काऊन वं कुंदे, माह्या तोंडाले काई झालं का?"

रागाने म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. ती खरंच विचारत होती. आपल्या तोंडात काहीतरी खोट आहे, पोरीला ती दिसली आहे आणि ती बिचारी सांगत नाही, असं तिला वाटलं होतं. नाही गं, असं मला म्हणायचं होतं. मला म्हणायचं होतं की तुझं तोंड चांगलं आहे, मलाच काढता येत नाही. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आणि त्या लाजेपायीच मी तोंड उघडलं नाही.

मनोहरभाऊच शेवटी म्हणाले, बसा मावशी, मी काढतो. त्यांनी खुर्ची तलावासमोर ठेवली, दिवे लावले. हनुवटी वर करा म्हणाले, इकडे बघा म्हणाले. मोठीमायने वर बघितलं, पण खटक्याच्या वेळी तिची नजर पुन्हा खाली गेली. त्यांनी आणखी एक काढला, त्यातही तेच.

तो जोडफोटो आमच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे. कोट घातलेले मोठेबाबा सरळ समोर बघताहेत आणि शेजारी मोठीमाय डोळे खाली घालून बसली आहे. येणारेजाणारे कौतुकाने म्हणतात, नवऱ्याशेजारी बसायची कशी लाज वाटतेय बघा. घरातलेही तसंच म्हणतात. ती लाज कुठली आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी गावी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसते.

त्याच हिवाळ्यात वर्ध्याला एक छोटंसं छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. मी तो हातांचा फोटो दिला. का दिला? चांगला होता म्हणून दिला. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. नागपूरचे परीक्षक होते, ते बोलताना म्हणाले, नवशिक्या माणसात चेहरा टाळण्याचं धाडस सहसा नसतं, या मुलीला आपली शैली फार लवकर सापडली. टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून उभी राहिले, आणि लोकांना तो विनय वाटला. त्या दिवसापासून माझं ठरूनच गेलं. फोटो मागणारे पाठीच मागायचे आणि मी पाठीच द्यायचे. घरी दार लावून, आरशासमोर, खिडकीशी, पुढे शाळेत नोकरी लागल्यावर तिथल्या शिक्षिकांना बसवून मी चेहरे काढायला शिकले. आता भर कापसातसुद्धा मला चेहरा काढता येतो. सकाळचं तिरपं ऊन घ्यायचं, खिटी ढगावर ठेवायची, पांढऱ्याला भुलायचं नाही. एवढंच तर होतं. पण ते मी कोणाला दाखवलेलं नाही.

यंदा मनाशी ठरवून गेले होते. मोठीमाय आता थकली आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उन्हात त्यातून पाणी येतं. तरी सीतादहीला ती आली. ऊन अजून कोवळं होतं, पऱ्हाटीवर दव होतं. आईची पूजा झाली आणि मी कॅमेरा बाहेर काढला. काढल्याबरोबर मोठीमाय धुऱ्याच्या बांधावरून उठली, झाडाजवळ गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मागचा पदर हाताने सारखा केला, थोडी वाकली.

ती हे दर वर्षी करते. हिंगणघाटहून परतल्यापासून करते. रुसून नाही, रुसली असती तर बरं झालं असतं. पोरीला अशीच लागते, पोरीचं यात नाव झालंय, म्हणून ती कॅमेरा दिसला की वळते. मी वळसा घालून तिच्या समोर गेले. तिला वाटलं उजेडासाठी जागा बदलली, तिने पुन्हा मला पाठ दिली. बरोबर हाय का आता, असं समोरच्या पऱ्हाटीलाच विचारलं.

मग मी बोलले. तिच्या पाठीशी बोलले, म्हणून बोलता आलं. म्हटलं, मोठीमाय, तुझ्या तोंडाला काही झालं नव्हतं. मला तेव्हा तोंड काढता येत नव्हतं. येत नाही असं म्हणायची मला लाज वाटली.

ती वाकलेली होती तशीच राहिली, हाताला लागलेलं एक बोंड तिने वेचून ओटीत टाकलं. मग न वळता म्हणाली, "तवाच सांगाचं होतं वं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राह्यली असती."

मी म्हटलं, आता वळ ना. आता येतं मला.

"आता तोंड काढासारखं राह्यलं नाई," ती म्हणाली. "पाठच घे. ऊन चढून राह्यलं."

मी पाठ घेतली. फोटो चांगला आला आहे.